कसारा घाटातील एक दिवस



२०१५ साली आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू, आदिवासींच्या नेत्रोपचारांसाठी निधी जमवीत, अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या सायकल-शर्यतीत उतरले व आळीपाळीने सायकल चालवून त्यांनी ती पुरी केली. तेणेकरून आमच्या तरुणांस स्फुरण चढले. एका पाड्यावरील विहिरीकरिता देणग्या मागत २०१६ च्या मार्च महिन्यात आम्ही वसईहून नाशिकास सायकलींवर निघालो. पन्नाशी उलटल्यावर हे धाडस कशास, असे आपण म्हणाल; हट्ट आमचाच होता.

दुसऱ्या दिवशी कसारा घाट लागला. तेथे लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका असल्याने आगगाडीस मागून जादा इंजिने लावून रेटावे लागते. आम्हांस एका पोराने पाठीला हात लावून रेटले. तरी अर्ध्या घाटात उतरावे लागलेच.

हा शहापूर तालुका. तानसा व भातसा येथील पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात इथल्या बाया हंडाभर पाण्यासाठी मैलोगणती चालतात. आमच्या बाटल्या रित्या झाल्या होत्या. डोक्यावर हंडा घेऊन चाललेली एक माउली थांबली, हंडा उतरवून तिने तांब्या पुढे केला. विहिरीसाठी झोळी फिरविणारे आम्ही तिचेच पाणी प्यालो! पैसे देऊ केले, तर ती हसली. लाजून आम्ही अर्धा तांब्या खाली ठेवला. तिने तो पुन्हा भरला.