धावणारीचा हक्क



रेच्यांवर राबणाऱ्या बायांच्या हजेरीचे आणि बोनसचे तंटे लढविण्यात ज्याचे दिवस गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत स्त्रियांच्या धावण्याच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमची शाळा चौथीपाशीच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते संघटनेच्या कचेरीत कायद्याची पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचून. क्रीडाशास्त्र आम्हांस येत नाही. मात्र कोणाचे काम कोणी काढून घेतले आणि कोणत्या पुराव्यावर, हे आधी पाहण्याची डोळ्यांना सवय जडली आहे. त्याच डोळ्यांनी आम्ही या शर्यतीकडे पाहतो.

शर्यत आहे साठ मीटरची, आणि तीही छताखाली. थंड मुलखांत हिवाळ्यात मैदाने निकामी होतात, तेव्हा मोठ्या दालनात दोनशे मीटरचा फेरा आखतात आणि त्याच्या मधोमध सरळ पट्टीवर ही शर्यत घेतात. तेथे वारा नसतो. म्हणून पाठीशी वारा होता, असे कोणाला म्हणता येत नाही. बार झाल्यापासून सेकंदाचा दहावा भाग लोटण्याच्या आत जी हलेल ती चुकीची सुटली, असे यंत्रच सांगते. १९८७ साली इंडियानापोलिसच्या जागतिक स्पर्धेत हॉलंडच्या नेली कूमनने हे अंतर ७.०८ सेकंदांत तोडले. १९९३ साली रशियाच्या इरिना प्रिवालोव्हाने ६.९२ सेकंदांचा विक्रम केला. तो पुढे तीस वर्षे कोणाला मोडता आला नाही. एवढ्या वेळात आमच्या खामगावच्या बाजारात हमालाच्या पाठीवरचे पोते धड खाली उतरत नाही!

पण सात सेकंद दिसतात, त्यामागची वर्षे दिसत नाहीत. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला मुंबईची मेरी डिसूझा निघाली, तेव्हा प्रवासाचा पैसा हाच पहिला अडथळा होता, आणि तो उभा करण्यासाठी तिची मित्रमंडळी खटपटीला लागली. संपाच्या काळात दारोदार वर्गणी मागितलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तीच मेरी आणि पुण्याची स्टेफी डिसूझा १९५४ साली मनिलाच्या आशियाई क्रीडास्पर्धेत चार गुणिले शंभर मीटरच्या संघात धावल्या आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. पुढे रेल्वेसारख्या खात्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. पगार, रजा आणि दोन वेळचे अन्न यांची हमी मिळाली, तेव्हा कष्टकऱ्यांच्या पोरींना धावपट्टीचा रस्ता दिसला.

आता दुसरी गोष्ट, आणि आज आम्ही मुख्यत्वे तीच सांगायला उभे आहोत. ओडिशातील जाजपूर जिल्ह्याच्या एका विणकराच्या घरची मुलगी, दुती चंद. २०१४ साली ती अठरा वर्षांची होती. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला संघातून वगळले. कारण काय? तिच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्त्रियांसाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. ते तिने बाहेरून घेतलेले नव्हते; जन्मतः अंगचेच होते. पुन्हा धावायचे असेल तर औषधोपचाराने ते खाली आणावे, ही अट. अंगात जे निसर्गाने घातले, ते काढून टाक आणि मग कामावर ये, असाच याचा अर्थ नाही का?

मुलगी वाकली नाही. तिने स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादाकडे दाद मागितली. कॅनडातील वकिलांनी फी न घेता तिची बाजू मांडली. २४ जुलै २०१५ रोजी निकाल झाला. लवादाचे म्हणणे थोडक्यात असे: या संप्रेरकाचा काही फायदा होतही असेल, पण स्त्री आणि पुरुष यांच्या वेगात जो फरक पडतो, त्याच्या जवळपास जाण्याइतका तो फायदा मोठा आहे, असा पुरावा महासंघाने दिलेला नाही. म्हणून तो नियम दोन वर्षांपुरता स्थगित, आणि त्या मुदतीत महासंघाने पुरावा आणावा. मंडळी, पुराव्याचा भार नियम करणाऱ्यावर! कामगार न्यायालयात आम्ही हेच वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगत आलो.

पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहा येथे आशियाई छताखालची स्पर्धा भरली. दुतीने प्राथमिक फेरीत साठ मीटर ७.२८ सेकंदांत काढून राष्ट्रीय विक्रम केला आणि शेवटी कांस्यपदक घेतले. त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावली. १९८० सालच्या पी. टी. उषेनंतर या शर्यतीत उतरलेली ती पहिलीच भारतीय स्त्री. सुनावणी झाली नसती तर यांतले काहीच झाले नसते.

आमची बाजू एकांगी वाटू नये म्हणून दोन गोष्टी सांगतो. शेजारच्या पट्टीवर धावणारीही कोणाची तरी लेक आहे, आणि सरळ लढत मिळावी हा तिचाही हक्क आहे. तेव्हा नियमच नकोत, असे आम्ही म्हणत नाही. दुसरे, याच दुतीवर २०२३ साली प्रतिबंधित द्रव्याच्या प्रकरणी चार वर्षांची बंदी आली. ती बाब निराळी. त्यामुळे २०१५ सालचा न्याय खोटा ठरत नाही. मजूर एका प्रकरणात दोषी ठरला म्हणून दुसऱ्या प्रकरणातला त्याचा हक्क बुडत नाही.

हा तंटा संपलेला नाही. २०२३ साली नियम पुन्हा कडक झाले, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून जागतिक स्पर्धेत स्त्री म्हणून उतरणाऱ्या प्रत्येकीला जनुकाची चाचणी द्यावी लागते. उद्या आपल्या पोरी तेथवर पोहोचल्या तर त्यांनाही ती द्यावी लागेल. त्या वेळी त्यांच्या शेजारी कोण उभे राहणार?

आणि हे दूरच्या परदेशाचे आहे असे समजू नका. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर आणि शंभर मीटर धावावे लागते. सेकंदावर गुण आणि गुणांवर भाकरी. मोटारींच्या उजेडात, खडीवर, पायात जुने बूट घालून त्या सराव करतात. लोझानच्या लवादाचे नाव त्यांच्या कानी नसेल. पण आपली वेळ नीट मोजली गेली का, अन्याय झाला तर अर्ज कोठे करायचा, हे प्रश्न त्यांचेही आहेत.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक तालुक्याला धावण्याजोगी एक सपाट पट्टी, पहाटे उजेड आणि राखण, नोकरी करणाऱ्या खेळाडूला भरपगारी रजा, आणि वगळल्या गेलेल्या प्रत्येकीला लेखी कारण व सुनावणी. शर्यतीत हरण्याचे दुःख नाही, कोणीतरी हरणारच. पण रेषेवर उभे राहण्याआधीच जिला कारण न सांगता बाजूला केले, तिच्या वतीने बोलणे हे आमच्या संघटनेचेही काम आहे आणि आपलेही.