आधी मायबाप सावध, मग लेकरू
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही पंडित नाही. जिनिंगमध्ये कापूस-सरकी करण्यात आमचं आयुष्य गेलं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, या विहाराच्या कपाटातून नेऊन. तेव्हा बोलण्यात काही उणं-अधिक झालं तर पदरात घ्यावं.

आजचा विषय आहे पालकांसाठी आनापानाचे वर्ग. सकाळी सतरंज्या टाकताना एका मामांनी विचारलं, “शाळा लेकराची, मग मायबापाला कामून बसवता?” त्यांना उत्तर द्यायचं म्हणून आधी आमचीच गोष्ट सांगतो.

वीस-बावीस वर्षांमागं आम्ही रातपाळी करून घरी आलो. थोरल्यानं पाढे लिहिले नव्हते. आम्ही काही विचारलं नाही, सरळ हात उचलला. नंतर कळलं की वही संपली होती आणि आम्हाला पैसे मागायला तो भ्याला होता. ही गोष्ट आम्ही विसरलो होतो. परवा त्याच थोरल्यानं आपल्या लेकरावर हात उचलला, अगदी तसाच, खांद्यापासून. आम्ही ओट्यावर बसून बघितलं. तो हात आमचाच होता. आपण शिकवलं नाही तरी लेकरू शिकतंच, बंधूंनो!

शाळेत लेकराला मारायला कायद्यानं बंदी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 तेच सांगतं. पण घरात, दार लावल्यावर, आपला हात कोण धरणार? तो आपला आपणच धरायचा असतो. हात उचलण्याच्या आधी एक क्षण असतो. तो क्षण दिसणं म्हणजे सति, म्हणजेच सजगता.

आनापान म्हणजे काही अवघड विद्या नाही. सरळ बसायचं, डोळे मिटायचे, नाकातून येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघायचा. तो ओढायचा नाही, रोखायचा नाही. मन पळालं की चिडायचं नाही, परत श्वासावर आणायचं. एवढंच. ज्याला श्वास बघता येतो त्याला हळूहळू राग येतानाही दिसायला लागतो.

भगवान बुद्ध स्वतः बाप होते. आपल्या राहुलाला त्यांनी काय दिलं? मज्झिम निकायात ते आलेलं आहे. आरसा कशासाठी, तर बघण्यासाठी, हे राहुलाच्याच तोंडून वदवून घेऊन त्यांनी शिकवलं की कोणतंही कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून बघावं, त्यानं आपलं किंवा दुसऱ्याचं दुःख वाढतं का. पुढं त्याच राहुलाला त्यांनी आनापानही शिकवलं. छडी कुठंच नाही. पण शिकवणारा बाप स्वतः आधी शिकलेला होता, हे आपण ध्यानात घ्यावं.

आपल्या राज्यात ही गोष्ट शाळेपर्यंत गेलेली आहे. 2011-12 च्या सुमारास शासनाच्या शिक्षण खात्यानं इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्यानं ‘मित्र उपक्रम’ सुरू केला. मुलांनी शाळेत रोज काही मिनिटं श्वासाकडं बघावं, अशी ती योजना. चांगलीच आहे. पण लेकरू शाळेत दहा मिनिटं शांत बसलं आणि घरी गेल्यावर बाप दारू पिऊन दाराशी उभा असला, तर त्या दहा मिनिटांचं काय होणार?

ब्रिटनमध्येही हा अनुभव आला. तिथं ऐंशीहून जास्त शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना घेऊन मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 साली आले. सजगतेचे धडे घेतलेल्या मुलांत आणि बाकीच्या मुलांत म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्या शिक्षकांनी ते शिक्षण घेतलं त्यांना मात्र थोडा फायदा झाला. यावरून आम्ही आमच्यापुरतं असं समजतो की सुरुवात मोठ्यांपासून करावी.

आता समितीकडं येऊ. शाळा व्यवस्थापन समिती ही काही गुरुजींची मेहरबानी नाही. कायद्याचं कलम 21 आहे. त्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. अध्यक्ष पालकांतूनच होतो. पण आपल्यातले किती जण बैठकीला जातात? वही घरी येते, आपण सही ठोकतो किंवा अंगठा देतो. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणून सांगितलं, ते काय नुसतं भिंतीवर रंगवायला?

काही कार्यकर्ते म्हणाले, शाळेच्या अनुदानातून हे वर्ग घेऊ. तिथं आमचं मत वेगळं आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणं जे अनुदान येतं, ते खडू, वीज, पाणी, दुरुस्ती, स्वच्छता यांच्यासाठी असतं. मुलींच्या मुतारीला दार नसताना त्या पैशातून सतरंज्या आणि हारतुरे आणायचे, हा धम्म नव्हे. श्वासाला पैसे पडत नाहीत. समितीकडं पैसा नको, शनिवारचा एक तास आणि एक खोली मागा. तो ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. आणि त्याच बैठकीत विचारा, अनुदान किती आलं, कशावर गेलं? शाळा विकास आराखडा दाखवा. सजग माणसानं हिशोबही सजगपणे बघावा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शाळा सगळ्यांची आहे. तिथं मराठ्यांची, वंजाऱ्यांची, मुसलमानांची, मातंग समाजाची लेकरं बसतात. संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की पूर्णपणे शासनाच्या पैशानं चालणाऱ्या संस्थेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. हे संविधान आपल्या बापानं लिहिलंय, ते आपणच मोडायचं काय? म्हणून शाळेत वंदना नाही, मूर्ती नाही, फक्त श्वास. ज्याला यायचं तो येईल, ज्याला नाही त्याला कोणी विचारणार नाही. वंदनेसाठी विहार आहेच.

आपला बीड जिल्हा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादमाची उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं. मागं राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तीही शाळा समितीच्याच हाती असते. त्या सहा महिन्यांत पालक कोण? आजी! म्हणून आमची सूचना अशी की वर्ग दोनदा घ्यावा. माणसं परत आली की मायबापांचा, आणि ती गेल्यावर आज्या-आजोबांचा. सहा महिन्यांनी घरी आलेल्या बापाला लेकरू बुजतं, लांब उभं राहतं. बापाला वाटतं, हे माजलं. तिथंच पहिला हात उठतो. तो तिथंच थांबला पाहिजे.

एका तरुणानं आम्हाला टोकलं, “काका, पोटात आग असताना श्वास काय बघायचा? उचल कोण फेडणार?” त्याचं खरं आहे. श्वास बघितल्यानं उचल फिटत नाही, मजुरी वाढत नाही. त्यासाठी संघटना लागते, मोर्चा लागतो, आणि आम्ही त्यात चाळीशीपर्यंत लाठ्या खाल्ल्यात. आनापान ही गप्प बसवायची गोळी म्हणून कोणी वाटत असेल तर ती थुंकून टाका! पण मुकादमावरचा राग बायकोवर आणि लेकरावर काढणं म्हणजे संघर्ष नव्हे. राग जिथला तिथंच खर्च व्हावा, एवढ्यासाठी सजगता पाहिजे.

शेवटी एक सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही थोरल्याला जवळ बसवलं आणि बावीस वर्षांमागच्या त्या वहीबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, “दादा, मला आठवत नाही.” पण मान वर केली नाही. नातू आमच्या मांडीवर होता. मग तिघंही काही वेळ तसेच बसलो.

येत्या शनिवारी शाळेतल्या खोलीची किल्ली मागायला चार माणसं लागतील, त्यात दोन बाया असाव्यात. नावं भाषणानंतर द्यावीत. इतकं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!