आकाशातील तोतया

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स नावाचे एक वाळवंटी चाचणीक्षेत्र आहे. जून २०१२ मध्ये तेथे एक लहानसे, चालकविरहित हेलिकॉप्टर हवेत एका जागी तरंगत होते. काहीशे मीटर अंतरावर टेक्सास विद्यापीठाचे प्राध्यापक टॉड हम्फ्रीज यांची मंडळी एक यंत्र घेऊन बसली होती. त्या यंत्रातून काही क्षीण लहरी निघाल्या आणि हेलिकॉप्टरला वाटू लागले, की आपण वर चढत आहोत. आज्ञा तर जागा न सोडण्याची. म्हणून ते इमानेइतबारे खाली उतरू लागले. जमीन जवळ आली तेव्हा देखरेखीवरील वैमानिकाने सूत्रे हाती घेतली, म्हणूनच ते वाचले. त्यात बिघाड नव्हता, आज्ञाभंगही नव्हता. त्याला खोटे सांगितले गेले होते आणि त्याने ते खरे मानले होते.

जीपीएस व्यवस्थेतील उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा व वेळ अखंड सांगत असतात. तो संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून ड्रोनमधील ग्राहकयंत्र अंतर काढते. निदान चार उपग्रह मिळाले, की स्वतःचा ठावठिकाणा ठरतो. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते. शिवाय संकेत इतका क्षीण, की यंत्राच्या अंगच्या विद्युत् गोंगाटाखालीच तो दबलेला असतो. लष्करी संकेत गुप्तलिपीत बांधलेला आहे. नागरी संकेताची घडण जगजाहीर आहे. म्हणून तर तो शेतकऱ्यापासून भूमापकापर्यंत सर्वांच्या उपयोगी पडला, आणि म्हणूनच त्याची नक्कलही करता येते. खलिता आहे, पण त्यावर मोहर नाही.

नुसता गोंगाट करून संकेत दडपला, तर ड्रोनला आपण आंधळे झालो एवढे तरी कळते. तोतया अधिक धूर्त असतो. तो आधी खऱ्याच्या सुरात सूर मिळवतो, मग आवाज किंचित चढवतो, आणि ग्राहकयंत्र आपल्यामागे येते असे दिसताच हळूच वाट बदलतो.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा ओळखीच्या माणसांकडून त्याची पारख करवावी लागली. येथेही उपाय साक्षीदारांचाच. खरे उपग्रह आकाशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून बोलतात. तोतयाचे सारे आवाज बहुधा एकाच दिशेने येतात. दोन अँटेना थोड्या अंतरावर बसवून लहरींतील फरक मोजला, की हे कपट उघडे पडते. हा उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. पण वीतभर ड्रोनवर दोन अँटेनांना जागा कोठून आणावी? दुसरा साक्षीदार म्हणजे ड्रोनमधील गतिमापक. उपग्रह म्हणतात ‘चढलास’ आणि गतिमापक म्हणतो ‘हललोच नाही’, तर कोणी तरी खोटे बोलत आहे. मात्र स्वस्त गतिमापक काही काळाने स्वतःच भरकटतो, आणि सावकाश ओढणारा तोतया नेमका त्याचाच फायदा घेतो. संकेताचे बळ एकाएकी वाढणे हीही एक खूण आहे. सराईत तोतया ती फारशी दिसू देत नाही.

मोहर आता येऊ लागली आहे. युरोपच्या गॅलिलिओ व्यवस्थेने २०२५ मध्ये नागरी संदेशावर अंकीय सही देण्याची सेवा रीतसर सुरू केली. सही पडताळण्याची किल्ली काही क्षणांनंतर प्रकट होते, त्यामुळे आगाऊ बनावट सही करता येत नाही. पण खरा संदेश टिपून तो विलंबाने पुन्हा ऐकवला, तर सही खरीच असते.

जुलै २०१२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे हम्फ्रीज यांनी सुचवले, की १८ पौंडांहून जड अशा व्यापारी ड्रोनना फसवणुकीस दाद न देणारे यंत्र सक्तीचे करावे. हलक्यांना वगळण्याचे कारण व्यवहार्यतेचे असेल. परंतु भरबाजारात डोक्यावर पडणारे पाच पौंडही काही थोडे नव्हेत.

शिवाय कपट ओळखल्यावर ड्रोनने करावे काय, हा प्रश्न उरतोच. खालची जमीन कॅमेऱ्याने न्याहाळत जागीच थांबता येते. पण अंधारात किंवा पाण्यावर त्या कॅमेऱ्याला धरण्याजोगी खूण सापडत नाही. तेव्हा उरते ते सावकाश उतरणे, आणि खाली कोण आहे हे त्या ड्रोनला ठाऊक नसते.