लाकडी धनुष्याची घडण आणि बाणाचा वेग

एकाच ओंडक्यातून चिरलेल्या दोन दांड्यांची दोन धनुष्ये केली आणि दोन्हींची ओढ 28 इंचांवर 40 पौंड भरली, तरी त्यांतून सुटणाऱ्या सारख्याच वजनाच्या बाणांचा वेग सारखा असेलच असे नाही. ओढ म्हणजे दोरी ठरावीक अंतरापर्यंत मागे खेचून धरण्यास लागणारा जोर. पण हा आकडा केवळ शेवटच्या क्षणाचा असतो. धनुष्यात साठणारी ऊर्जा मात्र दोरी मागे येत असताना इंचाइंचाला किती जोर लागत गेला, यावर ठरते. म्हणून जे धनुष्य पहिल्या इंचापासून घट्ट लागते, ते अखेरीस त्याच 40 पौंडांवर पोहोचले तरी अधिक ऊर्जा साठवते. शिवाय ही सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही, कारण धनुष्याचे बाहू, म्हणजे मुठीच्या वरचे व खालचे वाकणारे भाग, आणि दोरी यांना पुढे ढकलण्यात तिचा काही वाटा खर्ची पडतो. ऊर्जा अधिक साठावी आणि वाया कमी जावी, या दोन गोष्टी बऱ्याच अंशी घडणाऱ्याच्या हातात असतात.

धनुष्य वाकते तेव्हा त्याच्या लक्ष्याकडील बाजूवर, जिला पाठ म्हणतात, ताण येतो आणि नेमबाजाकडील बाजूवर, म्हणजे पोटावर, दाब येतो. सुके, निर्दोष लाकूड रेषेच्या दिशेने जितका ताण सोसते तितका दाब सोसत नाही; त्यामुळे पाठीचे तंतू शाबूत असले तरी पोटाचे तंतू आधी चेंगरतात आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य थोडे वाकलेलेच राहते. असा बाक धरलेल्या धनुष्याची दोरी चढवलेल्या स्थितीतही पुरेशी ताणलेली नसते, पहिले काही इंच जवळजवळ रिकामे जातात आणि बाण मंदावतो. पाठीची गोष्ट वेगळी आहे: तिथे एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखण्याचा प्रयत्न चांगला कारागीर करतो, कारण हत्याराने तंतू कापले गेले की तिथे सल उठते आणि पुढे धनुष्य तिथेच मोडते.

बाहूची रुंदी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर आठपट होतो; उलट जाडी दहा टक्क्यांनी उतरवली तरी ताठपणा पावपटीहून अधिक घटतो. तेवढेच वाकवले तर पातळ बाहूचे तंतू जाड बाहूच्या तंतूंपेक्षा कमी ताणले व कमी चेंगरले जातात, म्हणून दाबाला हळव्या लाकडाचा बाहू रुंद आणि चपटा ठेवणे श्रेयस्कर ठरते. डेन्मार्कमध्ये होल्मेगोर येथील दलदलीत 1944 मध्ये सापडलेल्या, सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या, एल्म या झाडाच्या धनुष्यात हीच आखणी दिसते: रुंद चपटे बाहू, अरुंद व जाड मूठ आणि निमुळती टोके. एवढी जुनी वस्तू आणि एवढी पक्की समज पाहून आदर वाटल्यावाचून राहत नाही.

इंग्लंडचे लांब धनुष्य वेगळ्या वाटेने गेले. 1545 मध्ये सोलेंट या सामुद्रधुनीत बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या अवशेषांतून अशी शंभरहून अधिक धनुष्ये मिळाली. ती यू या झाडाची असून त्यांची पाठ सालीलगतच्या फिकट, ताण सोसणाऱ्या लाकडाची आणि पोट गाभ्याच्या, दाब सोसणाऱ्या लाकडाचे आहे. बाहू अरुंद, जाड आणि पोटाकडे गोलसर. विसाव्या शतकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने केलेल्या अभ्यासातून चपट्या, आयताकृती छेदाची सरशी स्पष्ट झाली, कारण गोल पोटाच्या कण्यावरच सगळा दाब एकवटतो. तरीही मध्ययुगीन कारागिराला कमी लेखणे अन्यायाचे होईल. जाड पोट पेलण्याइतके सोशीक लाकूड त्याच्या हाती होते आणि त्याला जड युद्धबाण फेकायचे होते, ज्यांना हलक्या बाणांपेक्षा ऊर्जेचा मोठा वाटा मिळतो.

टोकांची बाब मात्र सर्वच आखण्यांना लागू आहे. बाण सुटताना मुठीजवळचे लाकूड जेमतेम हलते, टोके सर्वांत वेगाने धावतात. त्यामुळे टोकाशी ठेवलेले थोडेसे जादा लाकूडही मुठीजवळच्या पुष्कळ लाकडापेक्षा महाग पडते. नवशिका दोरी अडकवण्याच्या खाचेजवळ भीतीपोटी जाडी राखतो आणि नेमका तिथेच वेग गमावतो.

खरी कसोटी लागते ती बाहूंचा बाक जुळवताना. धनुष्य भिंतीवरच्या आधारावर आडवे टेकवून दोरी खाली थोडीशी ओढली जाते, लांब उभे राहून दोन्ही बाहूंची कमान न्याहाळली जाते, जो भाग सरळ राहिला त्यावर पोटाकडून पेन्सिलीची खूण केली जाते आणि फक्त तिथलेच लाकूड खरवडले जाते. त्यानंतर धनुष्य वीस-तीस वेळा हळूहळू वाकवावे लागते, कारण खरवडण्याचा परिणाम तंतूंमध्ये मुरल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. जो भाग आधीच अधिक वाकतो त्याला हत्यार लावायचे नाही, आणि ठरवलेल्या ओढीपेक्षा जास्त जोर एकदाही द्यायचा नाही, हे दोन नियम कसोशीने पाळावे लागतात. एखाद्या ठिकाणी बोटभर लांबीचा भाग दुबळा राहिला, तर सगळा दाब तिथे जमतो, पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या उमटतात आणि त्या उमटल्यावर ते लाकूड पूर्ववत होत नाही.

महाराष्ट्रात नंदुरबार-धुळ्याकडील भिल्लांचा तिरकमठा बांबूचा असतो. बांबू लाकूड नव्हे, पण त्याचे बळकट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाटलेले असल्याने साल न दुखावता आतून तासणे, हे शहाणपण तिथेही लागू पडते. अशा धनुष्याला दोरीही बहुधा बांबूच्या पातळ कामटीची असते. ती फारशी ताणत नसल्याने बाहू थांबताच ऊर्जा बाणाकडे जाते. ओलाव्याचा नियम सर्वांना सारखाच आहे: साधारण आठ-दहा टक्के ओलाव्याचे लाकूड उत्तम चालते, त्याहून कोरडे तडकते आणि दमट लाकूड बाक धरते, म्हणून उन्हाळ्यात चोख उतरलेले धनुष्य कोकणातल्या भर पावसाळ्यात वापरले, तर त्याचा बाण आधीपेक्षा खाली पडू लागतो.