एकच गटनंबर

डिसेंबर २०२१मध्ये जगभरच्या संगणक विभागांना एका प्रश्नानं झोपू दिलं नाही : 'लॉगफोरजे' आपल्याकडे नेमकं कुठं आहे? जावा भाषेतल्या प्रणालींमध्ये घडामोडींची नोंद ठेवणारा हा फुकट मिळणारा लहानसा घटक. त्यात अशी फट सापडली, की बाहेरचा माणूस दूर बसून आपल्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकेल. दुरुस्ती लगोलग आली. ती लावायची कुठं, हेच अनेकांना कळेना. कारण हा घटक दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेला.

मोठ्या संस्थेत आराखडा सांगतो, पगारवाटप कोणत्या प्रणालीवर चालतं, पुढं काय बदलायचं. रोजची नोंद सांगते, कोणत्या सर्व्हरवर काय बसवलंय. पण आराखड्यात 'पगारप्रणाली' आणि नोंदीत नुसता सर्व्हरचा क्रमांक! जुळणार कसं? माझ्या मते दोन्हीकडे प्रणालीला एकच ओळखक्रमांक हवा, सातबारा आणि गावनकाशावर गटनंबर एकच असतो तसा. मग आधी कोणता सर्व्हर दुरुस्त करायचा, ते ठरवता येतं : ज्यावाचून पगार अडतील तो. आणि सर्व्हर बदलला, की नोंद त्याच दिवशी बदलावी. फेरफार रखडला की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगावं!