माप घेऊन शिवलेलें पान



आमच्या आळींत पुस्तकांच्या बांधणीचें एक जुनें दुकान आहे. मालकानें परगांवच्या एका मंडळीकडून वेबसाइट करवून घेतली. संगणकावर ती देखणी दिसे. परंतु मोबाइलवर अक्षरें मुंगीएवढीं, आणि फोन नंबर पडद्याच्या बाहेरच! गिऱ्हाईक यावें कसें? दुकान आवरतें घ्यावें, असें मालकाच्या मनांत येऊं लागलें.

पुढें माझा एक विद्यार्थी त्या दुकानांत दोन दिवस नुसता बसून राहिला. येणारा माणूस काय विचारतो, तें त्यानें टिपून घेतलें. दर काय, दिवस किती लागतील, जुनी पोथी बांधून मिळेल काय, हेंच जो तो विचारी. तींच उत्तरें त्यानें पानाच्या माथ्यावर मांडलीं, आणि फोन नंबर त्यांच्याही वर.

पडद्याप्रमाणें बदलणाऱ्या अशा रचनेला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हें नांव एथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें २०१० सालीं दिलें. तिचीं सूत्रें तीन. रुंदी ठराविक न ठेवतां पडद्याच्या प्रमाणांत द्यावी. चित्र चौकटीबाहेर जाऊं देऊं नये. आणि पडदा अरुंद झाला कीं शेजारचे रकाने एकाखालीं एक घ्यावे.

आतां त्या दुकानाचा फोन पुनः वाजूं लागला आहे. पडद्याचें माप यंत्र घेतें. दुकानाचें माप घेण्यास मात्र माणसानें उंबरठा ओलांडून आंत यावेंच लागतें.