धामापूरच्या तळ्याचं देणं



कुणी तांदूळ निवडत असाल, कुणी काजूगर सोलत असाल, तर कुणाची गटाची बैठक आत्ताच संपली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज आपण धामापूरच्या तळ्याबद्दल बोलणार आहोत.

कुडाळहून मालवणला येताना हे तळं लागतं. दोन्ही बाजूंना दाट झाडीचे डोंगर, मधे मातीचा बांध आणि काठावर भगवतीदेवीचं देऊळ. विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली गावकऱ्यांच्या हातांनी ते बांधलं, असं सांगतात. म्हणजे जवळपास पाचशे वर्षं झाली. या पाण्यावर धामापूर आणि काळसे गावांतली शेती आणि बागायती होते, आणि मालवण शहराच्या नळालाही इथलंच पाणी जातं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने या तळ्याची जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून नोंद केली.

आता प्रश्न काय आहे तो ऐका. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. २०२१ साली चिपीला विमानतळ सुरू झाला. मालवण वाढतंय. किल्ला आणि समुद्र बघून झाला की पाहुणे विचारतात, "अजून काय बघायचं?" मग गाड्या तळ्याकडे वळतात. आमच्या गटाच्या बैठकीतही हा विषय निघाला. काही जणींचं म्हणणं पडलं की काठावर खाण्याची गाडी लावू, मोटारबोट आणू, संध्याकाळी गाणी लावू, म्हणजे माणसं थांबतील. त्यांचं चुकीचं होतं असं नाही. कर्जाचा हप्ता आहे, मुलांची फी आहे. एक सून तर स्पष्टच म्हणाली, "पक्षी बघून चूल पेटता काय गो?" तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "आणि तळ्याचा पाणी नासला तर चुलीर काय ठेवशीत?"

दोघींचं बोलणं खरं आहे. म्हणून आम्ही ठरवलं की आधी तळ्यावर राहतं कोण, ते नीट बघू आणि मग काय ते ठरवू.

थंडीत सकाळी लवकर गेलं की पाण्यावर अडई बदकं दिसतात, पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे दिसतात, खंड्या सूर मारतो. ही बदकं पाण्यावर विसावा घ्यायला उतरतात. मोटारबोट घरघरत जवळ गेली की सगळा थवा उडतो. दिवसातून दहा वेळा उठवलं तर ती पुढच्या वर्षी येणार नाहीत. शिवाय बोटीचं तेल पाण्यावर तरंगतं, आणि ते पाणी आपणच पितो.

झाडीत मोठ्या चोचीचा धनेश असतो. त्याची गोष्ट तर आपल्या बायकांनी ऐकलीच पाहिजे. अंडी घालायच्या वेळी मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट राहते. कित्येक आठवडे ती आत कोंडलेली असते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. हे साधारण उन्हाळ्यात घडतं, म्हणजे ऐन सुट्टीत, पाहुण्यांची गर्दी असते तेव्हा. माणसांच्या गोंगाटाने, भोंग्याने नर बिचकला, तर आतली माय आणि पिल्लं उपाशी राहतात. आणि ढोलीचं जुनं झाड तोडलं, तर पुढच्या वर्षी घरच नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांत, खाड्यांत पाणमांजरं आहेत. जुनी माणसं त्यांना ऊद म्हणतात. पाणमांजर सहजासहजी दिसत नाही, पण काठच्या दगडावर माशांचे खवले नि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे असलेली विष्ठा दिसली, तर ओळखावं की रात्री कुणी जेवून गेलंय. जिथे मासा आहे, काठाला झाडी आहे आणि वर्दळ कमी आहे, तिथेच ती टिकतात.

माकडांचं तर तुम्हाला सांगायलाच नको. पाहुणे हौसेने वेफर्स देतात आणि निघून जातात. चटावलेली माकडं मग आपल्या परसातल्या केळी आणि भाजी ओरबाडतात. करमणूक पाहुण्याची होते, नुकसान आपलं होतं.

तळ्याची एक जुनी कथा तुम्ही ऐकली असेल. गावात लग्नकार्य असलं की फुलांचे दागिने करून ते परडीत घालायचे आणि परडी तळ्यात सोडायची. परडी बुडून वर यायची, तेव्हा तिच्यात सोन्याचे दागिने असायचे. कार्य झालं की ते परत करायचे. एकदा कुणीतरी परत केले नाहीत, आणि तेव्हापासून सोनं यायचं बंद झालं. कथा खरी की खोटी, ते राहू द्या. पण आपण बचतगटाच्या बायका आहोत, या कथेतला हिशोब आपल्याला लगेच कळतो. एकीने कर्ज बुडवलं की दुसरीला मिळत नाही. तळंही पाणी देतं, मासा देतं, गारवा देतं. आपण फक्त उचलच घेत राहिलो तर किती दिवस पुरेल?

हे भय उगाच नाही. मुंबईला आपली माणसं आहेत, त्यांना पवईचा तलाव ठाऊक आहे. १८९१ साली तो शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधला होता. आज ते पाणी पिण्याजोगं नाही. तरी त्या तलावात अजून मगरी राहतात. तिथे महापालिकेने काठाशी, तलावाच्याच जागेत सायकल चालवायचा रस्ता बांधायला घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितली. सायकल चालवणं वाईट नाही. पण तलावाची जागा कमी करून करमणूक करायची नसते.

फिरायला जागा हवीच. सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी संध्याकाळी किती माणसं फेरी मारतात! तो शहराच्या मधोमध आहे, तिथे दिवे शोभतात. धामापूरची शोभा अंधारात आणि शांततेत आहे.

मग चूल कशी पेटणार? वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. कोणतं झाड, कोणता पक्षी, ते समजावून सांगतात. पाहुणा पैसे देतो ते कांदळवन बघायचे. कांदळवन राहिलं तरच त्यांचा धंदा राहील, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

त्यावरून आमच्या गटाने ठराव केला आणि ग्रामपंचायतीकडे दिला. तो असा:

मोटारबोट नको, भोंगा नको. खाण्याची जागा काठापासून लांब, रस्त्याच्या बाजूला. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. वाढायचं केळीच्या पानावर किंवा स्टीलच्या ताटात, आणि ताटं तळ्यात धुवायची नाहीत. प्लास्टिकची बाटली आत नेणाऱ्याकडून अनामत घ्यायची आणि रिकामी बाटली दाखवली की परत द्यायची. हिशोबाची वही आपल्याला नवीन नाही! गावातल्या दोन-तीन मुलींनी पक्षी ओळखायला शिकायचं, आणि सकाळी लहान गट घेऊन बांधावरून पायी फिरवायचं.

यातून लगेच पैसा येईल असं आम्ही सांगत नाही. मोटारबोटीपेक्षा तो कमीच असेल. पण तो आपल्या मुलींच्याही हाताला मिळेल.

शेवटी एक कामाची गोष्ट. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात, आणि गावातल्या झाडांची, प्राण्यांची, त्यांच्या उपयोगाची लोक जैवविविधता नोंदवही समितीने करायची असते. तुमच्या गावात ही समिती आहे का? तिच्यात बाया कोण आहेत? त्यांना बैठकीला बोलावतात, की नुसती सही घेतात? पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. रानातली भाजी, औषधाची मुळी, कोणत्या कोंडीत कोणता मासा, हे आपल्याला माहीत आहे. ते नोंदवहीत उतरवा.

तुमच्या गावात धामापूर नसेल, पण तळी, कोंड, पाणवठा काहीतरी असेलच. तिथे पाहुणे यायच्या आधी आपण एकदा जाऊन बघू या. कोण राहतं, कोण पाणी पितं, ते लिहून ठेवू या. मग पाहुण्यांना बोलावू या.

येवा, कोकण आपलाच आसा, असं आपण म्हणतो ना? मग ते सांभाळायचंही आपणच.